‘क्रात्त’ हा रोबो नव्हे, आणि ‘कृत’वरून तर तो मुळीच आलेला नाही

गेल्या महिन्यात आत्यानं आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर एक मजकूर ढकलला आणि खाली लिहिलं, "अरे, तू दोन वर्षं तिकडे होतास ना शिकायला? खरं आहे का रे हे?" तिकडे म्हणजे उत्तर युरोपातल्या एस्टोनियात, तार्तू गावी. मजकूर थोडक्यात असा:

"एस्टोनियाच्या प्राचीन लोकांनी हजारो वर्षांपूर्वी ‘क्रॅट’ नावाच्या रोबोची कल्पना केली होती! क्रॅट म्हणजे ‘निर्माण केलेला’. हा शब्द थेट आपल्या संस्कृत ‘कृत’वरून गेला. हा घरचा देव मालकाची सगळी कामं करत असे. जग हा शब्द विसरलं होतं, पण एस्टोनियानं त्याच नावाचा कायदा करून एआयला माणसाचा दर्जा दिला. तिथे आता न्यायाधीशही रोबो आहेत. अभिमान असेल तर पुढे पाठवा."

सोबत चित्र होतं: जनावराची कवटी, तीन पाय, अंगाला वाकड्यातिकड्या काठ्या. आत्याला फोनवर म्हटलं, अर्धं खोटं आहे आणि उरलेलं उलटं आहे. ती म्हणाली, "मग लिही ना नीट. नुसतं नाक काय मुरडतोस." म्हणून हा प्रपंच. हाच मजकूर नंतर मला आणखी तीन गटांवर दिसला, त्यामुळे आत्यापुरतं न ठेवता इथेच लिहितो.

आधी उच्चार. एस्टोनियनमध्ये रोमन लिपीतला ‘ए’ कधीच ‘ॲ’ होत नाही. ‘ॲ’साठी डोक्यावर दोन टिंबं असलेलं वेगळं अक्षर आहे. शेवटचा त आपल्या ‘पत्ता’मधल्यासारखा, दाताला जीभ लावून. म्हणून क्रात्त. ‘क्रात्तचा’ म्हणायचं असेल तर एक त गळतो आणि ‘क्राति’ होतं. आता ‘क्राति’ पाहून कुणी लगेच ‘कृती’ आठवू नये, तो विषय पुढे येतोच आहे.

आता क्रात्त म्हणजे काय, ते. दावे त्याच्यापुढे ठेवून पाहिले की बरेचसे आपोआप पडतात.

जुना खराटा घ्यायचा. मोडक्या दाताळ्याचा दांडा, गवताची पेंढी, धडासाठी फुटकं पिंप, डोक्याला गळकं मडकं, डोळ्यांच्या जागी दोन कोळसे. थोडक्यात, परसातली सगळी अडगळ. हे सगळं बांधून गुरुवारी संध्याकाळी चौरस्त्यावर न्यायचं. एका गुरुवारी भागत नाही, पुष्कळ कथांत ओळीनं तीन गुरुवार लागतात. मग सैतान येतो आणि जीव घालायच्या बदल्यात रक्ताचे तीन थेंब मागतो. ते दिले की मालकाचा आत्मा त्याच्याकडे गहाण पडला. चलाख शेतकरी अंधाराचा फायदा घेऊन रक्ताऐवजी रानफळांचा लाल रस टेकवतो आणि सैतान फसतो, अशाही गोष्टी आहेत, आणि सांगणाऱ्यांना त्या फार आवडत.

थेंब पडले की अडगळ उठून बसते आणि काम मागते. रात्री आगीची शेपटी ओढत आकाशातून जाते, आणि धान्य, दूध, लोणी, नाणी असं जे मिळेल ते मालकाच्या घरात आणून टाकते. अट एकच, हाताला काम सतत हवं. रिकामा क्रात्त मालकाच्याच नरडीला लागतो. त्याला घालवायचं तर न होणारं काम सांगायचं. वाळूचा दोर वळ. पावाची शिडी बांध. ही पावाची शिडी सगळ्यांत प्रसिद्ध. तिच्यापायी तो इतका चिडतो, इतका धडपडतो, की स्वतःच पेट घेतो.

हे वाचताना ओळखीचं वाटलं असेल. "काम दे, नाहीतर तुलाच खातो" म्हणणारं आपल्याकडचं भूत आणि त्याला अंगणात खांब पुरून त्यावर चढ-उतर करायला लावणारा शहाणा माणूस, ही गोष्ट लहानपणी कुणी ऐकली नाही? मलाही तार्तूत पहिल्यांदा हेच आठवलं होतं. पण गोष्ट सारखी म्हणून शब्दही एका पोटचा, असं होत नाही. ‘कृत’वाल्याची पहिली चूक तिथेच आहे.

"हजारो वर्षांपूर्वी"

हे कुणी मोजलं? एस्टोनियन लोककथांचा मोठा साठा कागदावर आला तो १९व्या शतकाच्या उत्तरार्धात. १८८८मध्ये याकोब हुर्त या पाद्र्यानं वर्तमानपत्रांतून आवाहन केलं की म्हाताऱ्याकोताऱ्यांना आठवतं ते सगळं लिहून पाठवा. गावोगावच्या शिक्षकांनी, शेतकऱ्यांनी लाखाहून जास्त पानं लिहून पाठवली. हुर्त तेव्हा राहत होता सेंट पीटर्सबर्गमध्ये! १९२७मध्ये तार्तूत लोकसाहित्याचं अभिलेखागार उभं राहिलं, ते आजही आहे. क्रात्तबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे त्यातलं बहुतेक या कागदांमधलं, म्हणजे दीडशे वर्षांच्या आतबाहेरचं.

त्याहून जुना पुरावा आहे, पण तो शेजारच्या फिनलंडचा. फिनिश लिखित भाषेचा पाया घालणारा मिकाएल आग्रिकोला यानं १५५१मध्ये बायबलमधल्या स्तोत्रांचं भाषांतर छापलं. त्याच्या प्रस्तावनेत, लोक कुठल्या ‘खोट्या देवां’ना भजतात त्याची पद्यातली यादी आहे. त्यात ‘क्रात्ती’ येतो आणि तो मालमत्तेची काळजी वाहतो, एवढी एकच ओळ. घरच्या ढिगाची राखण करणारा. आगीची शेपटी, खराटा, रक्त यांपैकी एक शब्द तिथे नाही.

आणि क्रात्तच्या गोष्टीतला सैतान? तो चर्चचा आहे. एस्टोनियावर धर्मयुद्ध लादलं गेलं १३व्या शतकात. रक्तानं केलेला करार, गहाण पडलेला आत्मा ही सगळी भाषा त्यानंतरची. तिकडे सैतानाचं एक नाव ‘वानापागान’ आहे, अर्थ ‘म्हातारा अधर्मी’. जुन्या धर्माच्या माणसाला नव्या धर्मानं ठेवलेलं हे नाव. दुसऱ्याच्या गाईचं दूध चोरून आणणारं, हातानं बनवलेलं भूत उत्तर युरोपभर आहे: आइसलंडात, स्वीडनमध्ये, फिनलंडमध्ये, लात्वियात. स्वीडन-फिनलंडमधल्या १५व्या-१६व्या शतकातल्या चर्चांच्या भिंतींवर दूधचोर चेटकिणींची चित्रं आहेत. हे सगळं जुनं खरं, पण मध्ययुगातलं. "प्राचीन एस्टोनियन प्रज्ञा" म्हणून एकट्या एस्टोनियाच्या नावावर ते लावता येत नाही.

"क्रॅट म्हणजे ‘निर्माण केलेला’, मूळ संस्कृत ‘कृत’"

इथे थोडं थांबतो, कारण या खोट्याच्या आड एक खरी आणि जास्त मजेची गोष्ट दडली आहे.

एस्टोनियन ही संस्कृतच्या घराण्यातली भाषा नाही. ती फिनिश आणि दूरच्या नात्यानं हंगेरियन यांच्यासोबत उरल घराण्यात बसते. मराठी, रशियन, जर्मन, फारसी एका वाड्यातल्या, आणि एस्टोनियन पलीकडच्या आळीतली. पण आळ्यांमध्ये येणंजाणं होतं. साधारण चार हजार वर्षांपूर्वी उरलच्या दक्षिणेकडच्या गवताळ मुलखात या भाषांचे पूर्वज आणि आपल्या भाषांचे पूर्वज शेजारी होते, आणि शब्दांची उसनवार झाली. उसने घेतले त्यांनी, आपल्याकडच्या पूर्वजांकडून.

त्याचे पुरावे एस्टोनियनच्या रोजच्या बोलण्यात पडलेले आहेत. शंभरला एस्टोनियन म्हणतो ‘सादा’. आपलं ‘शत’, ‘शे’. हातोडीला ‘वासार’. आपलं ‘वज्र’. पोरक्या पोराला ‘ओर्ब’. संस्कृतात ‘अर्भ’, म्हणजे लहान, आणि त्यावरूनच आपलं ‘अर्भक’. अणकुचीदार टोच्याला, सळईला ‘ओरा’. संस्कृतात ‘आरा’, आणि आपल्या चांभाराच्या हातातली ‘आरी’ तीच. मध म्हणजे ‘मेसी’. याचं ‘मधु’शी नातं पहिल्या नजरेला दिसत नाही, पण फिनिक भाषांत, म्हणजे फिनिश, एस्टोनियन आणि त्यांच्या जवळच्या बहिणींत, शब्दाच्या शेवटच्या ‘ति’चा ‘सि’ होतो, आणि आधीचं रूप ‘मेति’सारखं होतं हे कळलं की उलगडतं. ‘ओरा’ आणि ‘आरी’ची जोडी मला पहिल्यांदा कळली त्या दिवशी मी ग्रंथालयात एकटाच हसलो होतो. तीन-साडेतीन हजार मैलांवरचं गाव, आणि हातातलं हत्यार तेच, नाव तेच.

हे शब्द ‘संस्कृतातून’ गेले असं मात्र म्हणता येत नाही. संस्कृत घडण्याआधीच्या, संस्कृत आणि फारसी दोघींच्या सामाईक पूर्वज भाषेतून ते गेले. फरक बारीक वाटेल, पण आजीचे दागिने नातीनं दिले असं आपण म्हणतो का?

मग ‘कृत’सुद्धा याच वाटेनं गेला असेल की! असं आत्या म्हणालीच. नाही गेला, आणि कारण शब्दाच्या पहिल्याच अक्षरात आहे. फिनिक भाषांना शब्दाच्या सुरुवातीला जोडाक्षर चालत नसे. उसना शब्द आला की त्या पुढची व्यंजनं कापून टाकत आणि शेवटचं ठेवत. जर्मन-स्वीडिशच्या भावकीतला ‘स्ट्रँड’, म्हणजे किनारा, एस्टोनियनमध्ये झाला ‘रान्द’. शाळेसाठीचा ‘स्कोल’ झाला ‘कोल’. स्लाव्ह लोकांकडून क्रूसासाठी ‘क्रेस्त’सारखा शब्द आला, त्याचा झाला ‘रिस्त’. क गेला, र उरला. चार हजार वर्षांपूर्वी ‘क्र’नं सुरू होणारा शब्द या भाषेत शिरला असता तर त्याचा क कधीच झडला असता. आणि ‘कृत’मधला ऋ तर स्वर आहे, जोडाक्षर नव्हेच. त्या काळच्या उसन्या शब्दांत ऋच्या जागी ‘अर’ दिसतो, जसा शिंगासाठीच्या ‘सार्व’मध्ये. हा आपल्या ‘शृंग’च्या भावकीतला. म्हणजे ‘कृत’ गेला असता तर आज ‘कार्त’ किंवा तसलं काही भेटलं असतं, क्रात्त नव्हे.

‘क्र’ शाबूत आहे म्हणजे पाहुणा उशिरा आला आहे. कुठून आला त्याचाही माग लागतो. जुन्या स्वीडिशमध्ये ‘स्क्रात्ते’, जुन्या नॉर्समध्ये, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेत, ‘स्क्रात्ती’: अर्थ दुष्ट आत्मा, चेटक्या, भूत. जर्मनमध्ये ‘श्रात’ म्हणजे रानातलं केसाळ भूत. पुढचा स गळाला, क्रात्त उरला, फिनिशमध्ये क्रात्ती. (आजच्या स्वीडिशमध्ये ‘स्क्रात’ म्हणजे हसू. शब्दकोश उघडून गल्लत करू नका.) रस्ताही सरळ आहे. एस्टोनियाच्या पश्चिम किनाऱ्यावर आणि बेटांवर मध्ययुगापासून स्वीडिश कोळी-शेतकरी राहत होते, ते थेट १९४४पर्यंत. आणि १५६१पासून १७१०पर्यंत उत्तर एस्टोनियावर राज्यच स्वीडनचं होतं.

म्हणजे शब्दाचा मूळ अर्थ ‘निर्माण केलेला’ नाही, ‘भूत’ आहे. घडवण्याचा भाग गोष्टीत आहे, शब्दात नाही. आणि गोष्टीतही तो नेहमी नसतो. काही कथांत क्रात्त मांजराच्या नाहीतर कोंबड्याच्या रूपात येतो. काहींत तो चक्क रीगा शहरातून विकत आणतात, जसं आपण आठवडी बाजारातून कोंबडं आणू तसं. त्याची दुसरी नावं पाहा. ‘तुलिहॅन्द’, म्हणजे आगशेपट्या. ‘वेदाया’, म्हणजे ओढून आणणारा, वाहणारा. ‘पूक’, हेही बाहेरचंच, स्वीडिश-जर्मन भुताचं नाव. लात्वियनमध्ये त्याच शब्दाचा ‘पूकिस’ झाला आणि तो तिथे उडता ड्रॅगनही आहे आणि मुलांचा पतंगही. एका नावातसुद्धा ‘बनवलेला’ नाही. लोकांच्या लेखी महत्त्वाचं होतं ते त्याचं ओढून आणणं.

‘पूक’चा आजचा अर्थ सांगायला हवा. तार्तूत पहिल्या उन्हाळ्यात रानात फिरायला निघालो तर शेजारच्या खोलीतली मुलगी म्हणाली, परत आलास की गुडघ्यांमागे पूक बघ. मी भुताचं ऐकून दचकलो. तिला म्हणायचं होतं गोचीड. रक्त पिऊन टरारणारी, आणि चावली तर तापही देणारी. दुसऱ्याचं ओढून फुगणाऱ्याला एकच नाव आहे, हे मला अजून विसरता येत नाही.

आणि आर्य-अभिमानासाठी एस्टोनियनमध्ये शब्द हवाच असेल तर तो आहे: ‘ओरी’. फिनिशमध्ये ‘ओर्या’. बरेच भाषाशास्त्रज्ञ तो ‘आर्य’शी जोडतात. अर्थ आहे गुलाम. बहुधा त्या मुलखात पकडून आणलेल्या परक्या माणसांवरून. पुढे पाठवायचं असेल तर हे पाठवा.

"घरचा देव, मालकाची सगळी कामं करणारा"

क्रात्त शेत नांगरत नाही. तो गाई राखत नाही, लोणी घुसळत नाही. तो चोरतो. मालकाच्या कोठारात जितकं वाढतं तितकं दुसऱ्या कुणाच्या कोठारातून कमी झालेलं असतं. मजकुरात नेमकं हेच पुसलंय. एवढं काढलं की खाली काही उरतच नाही.

या गोष्टी कोण सांगत होतं? जर्मन जमीनदारांच्या वाड्यांवर वेठीला राबणारी कुळं. एस्टोनियाच्या उत्तर प्रांतात भूदासपण कायद्यानं उठलं १८१६मध्ये, दक्षिणेकडच्या लिवोनियात १८१९मध्ये; जमीन त्यानंतरही जमीनदाराचीच राहिली. अशा गावात सगळ्यांचं पोट सारखंच खपाटीला. मग एखाद्याच्या गोठ्यात गाई दोन आणि लोणी मात्र चार गाईंचं, तर त्याचं स्पष्टीकरण काय? कष्ट तर सगळेच करतात. तेव्हा म्हणायचं, रात्री त्याच्या धुराड्यात आगीची शेपटी उतरताना पाहिली. उल्का पडली असेल, धुराड्यातून ठिणग्या उडाल्या असतील. पण संशयाला जागा मिळाली. क्रात्त हा आपल्या घरात कधीच नसतो, तो नेहमी शेजाऱ्याच्या घरात असतो. देवाबद्दल असं कोण बोलतं?

पूजा, नैवेद्य? काही कथांत त्याला चांगलंचुंगलं खायला द्यावं लागतं, न दिलं तर तो घर पेटवतो. खंडणीखोराला देतात तसलं ते देणं. म्हणून फोटोला हार घालण्याच्या सुरात ‘घरचा देव’ म्हणणं मला खटकलं.

"रोबोची कल्पना"

रोबो शब्दाशी क्रात्तचा संबंध नाही. तो चेक ‘रोबोता’वरून आला, अर्थ वेठबिगार. कारेल चापेक यांनी १९२०च्या नाटकात वापरला, आणि त्यांना तो भाऊ योसेफ यांनी सुचवला. त्या नाटकातले रोबो पत्र्याचे नाहीतच, मांसाचे आहेत, पण ते असो.

नातं शोधायचंच असेल तर ते व्युत्पत्तीत नाही, वेठीत आहे. एस्टोनियनमध्ये वेठबिगारीला ‘तेओ-ओर्युस’ म्हणतात, त्यात वरचा ‘ओरी’ बसलेला आहे. चेक शेतकऱ्याचा रोबोता आणि एस्टोनियन शेतकऱ्याचा तेओ-ओर्युस हे एकच ओझं. दुसऱ्यासाठी आठवड्याचे ठरलेले दिवस फुकट राबणाऱ्याला, आपल्यासाठी कुणीतरी फुकट राबावं असं स्वप्न पडलं, तर त्यात नवल नाही. पण त्या स्वप्नातही काम न होता चोरीच झाली, हे एस्टोनियन शेतकऱ्याचं खास.

चित्राबद्दल एक ओळ: ती कवटी आणि तीन पाय २०१७च्या ‘नोव्हेंबर’ नावाच्या एस्टोनियन चित्रपटातले आहेत, कुठल्या उत्खननातले नव्हेत.

"जग हा शब्द विसरलं होतं"

जगाचं माहीत नाही, एस्टोनियन विसरले नव्हते. त्यांचा पहिला स्वतःचा बॅले एदुआर्द तुबिन यांचा, नाव ‘क्रात्त’. १९४३मध्ये तार्तूच्या वानेमुइने नाट्यगृहात झाला. पुढच्या वर्षी राजधानी तालिनमध्ये लागला आणि ९ मार्च १९४४च्या संध्याकाळी त्याचाच प्रयोग चालू असताना सोव्हिएत विमानांनी शहरावर बॉम्ब टाकले. ‘एस्टोनिया’ नाट्यगृह जळालं. नर्तक रंगमंचावरच्या वेषातच रस्त्यावर पळाले, असं तिथे आजही सांगतात. सैतानाच्या कपड्यातला माणूस जळत्या शहरात उभा आहे असं डोळ्यांसमोर आणा. ज्या शब्दाला असली रात्र चिकटलेली आहे, तो विसरला जात नसतो.

"कायदा करून एआयला माणसाचा दर्जा"

असा कायदा नाही. काय झालं ते सांगतो. २०१७च्या सुमारास, चालकाशिवाय धावणारी गाडी कुणाला धडकली तर जबाबदार कोण, यावर तिथे चर्चा सुरू झाली. सरकारचे तेव्हाचे डिजिटल सल्लागार मार्टेन काएवात्स यांनी लोकांना विषय कळावा म्हणून क्रात्तची उपमा पुढे आणली. वर्तमानपत्रांनी त्याला ‘क्रातिसेआदुस’, म्हणजे क्रात्त-कायदा, असं नाव दिलं आणि ते तोंडी बसलं. २०१९मध्ये तज्ज्ञगटाचा अहवाल आला. त्यात म्हटलं होतं की कायद्याच्या पायात मोठे बदल करण्याची गरज नाही. यंत्रानं केलं तरी जबाबदारी ते वापरणाऱ्या माणसाची किंवा संस्थेची. म्हणजे मजकुरात आहे त्याच्या बरोब्बर उलट. त्याच वर्षी २०१९ ते २०२१साठीचं एआय धोरण आलं, त्याला लोक क्रात्त-धोरण म्हणतात. मोठा कायदा आला तो युरोपीय संघाचा, १ ऑगस्ट २०२४पासून टप्प्याटप्प्यानं अमलात, आणि त्यातही यंत्राला माणूसपण वगैरे दिलेलं नाही.

उपमा म्हणून मात्र ती निवड पक्की होती, हे मान्य करायलाच हवं. कारण तिथल्या पोरासोरांना ठाऊक असतं की क्रात्तला काम सांगताना जपून सांगायचं, आणि रक्त तुमचंच लागतं. सरकारी सेवांसाठी बोलणारा एक मदतनीस केला, त्याचं नाव ‘ब्युरोक्रात्त’. ‘ब्युरोक्रात’ म्हणजे सरकारी बाबू, त्यात एक त वाढवला की भूत. (नोकरशहाचा ‘क्रात’ ग्रीक ‘क्रातोस’मधला, म्हणजे सत्ता. त्याचा क्रात्तशी काही संबंध नाही. पुढचा मजकूर यावरच येणार, म्हणून आधीच सांगून ठेवतो.)

"न्यायाधीशही रोबो"

ही अफवा २०१९च्या एका इंग्रजी मासिकातल्या लेखानं जगभर गेली: ७,००० युरोपर्यंतचे दावे यंत्र निकालात काढणार. शेवटी २०२२मध्ये एस्टोनियाच्या न्याय मंत्रालयाला जाहीर सांगावं लागलं की असा कुठलाही प्रकल्प नाही. ते बघत होते पैसे वसुलीच्या आदेशांसारख्या ठरावीक कागदोपत्री पायऱ्या आपोआप कशा होतील ते. कोर्टात खुर्चीवर माणूसच बसतो.

उरला एकच प्रश्न, जो मजकुरात नव्हता पण आत्यानं विचारला: "मग तिथली माणसं एआयला रोजच्या बोलण्यात क्रात्त म्हणतात की नाही?" सरकारी फलकांवर आणि भाषणांत म्हणतात. रोज म्हणतात ‘तेहिसारू’. ‘तेहिस’ म्हणजे कृत्रिम, ‘आरू’ म्हणजे समज. २०२५मध्ये वरच्या वर्गांतल्या मुलांना शाळेतच एआय शिकवण्याचा मोठा कार्यक्रम तिथे सुरू झाला. त्याच्या नावात एआयसाठीच्या शास्त्रीय शब्दाची दोन आद्याक्षरं आहेत आणि पुढे ‘उडी’ असा शब्द. क्रात्त नाही.

हे आत्याला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "ते रानफळाच्या रसाचं मस्त आहे. सैतानच फसला! तेवढं वेगळं लिहून दे, गटावर टाकते."